भूतानला व्हिसा लागत नाही, मग पैसे कसले?

सुट्टीत भूतानला निघालेल्या एका पालकांनी विचारलं, "मॅडम, व्हिसा लागत नाही म्हणतात, मग एजंट पैसे कसले मागतोय?" प्रश्न रास्त आहे.

पासपोर्ट आपला देश देतो, व्हिसा समोरचा देश. भूतानसाठी आपल्याला व्हिसा नको, पण प्रवेश परवाना लागतोच. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर परवाना मिळत नाही! मुलांना मतदार ओळखपत्र कुठून असणार? त्यांचा पासपोर्ट नसेल तर जन्म दाखला न्यावा. हे घरीच तपासा, जयगावच्या सीमेवर पोहोचल्यावर नको.

पैसे आहेत ते शाश्वत विकास शुल्काचे. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडल्या तेव्हापासून भारतीय पर्यटकाला एका रात्रीचे १२०० रुपये पडतात. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, सहाच्या आतल्यांना माफ. (इतर परदेशी पाहुण्यांना १०० डॉलर, तेही २०० वरून कमी केलेले.) हॉटेल, गाडी वेगळं.

आता हेच वर्गात गणित म्हणून घाला: आई, बाबा, दहा वर्षांची ताई, चार वर्षांचा बाळ, चार रात्री. उत्तर येतं १२,००० रुपये. आमच्या पालकांना एजंटने १९,२०० सांगितले होते. ते कसे आले, हे मुलांनाच शोधू द्या.