रात्रभर पुरणारा आवाज

दिवाळी सरते, धान कापून खळ्यावर येते आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे मोठे ठाणे. तिथून निघालेली मंडळी गावोगावी रात्री उशिरा पडदा उघडतात आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. गोंदिया शहराला खेटून असलेले कुडवा घ्या किंवा जंगलपट्ट्यातले एखादे खेडे, उघड्यावरच्या प्रयोगाची अडचण एकच. तिथे आवाज अडवून परत पाठवणाऱ्या भिंती नसतात, आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही नायिकेचा हुंदका ऐकायचा असतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचे नाव दूरवर गेले. तिचा आवाज दूरवर नेणारी अँप्लिफायरची पेटी मात्र रंगमंचाच्या कडेलाच राहते.

साधे बोलताना माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॉटच्या सुमारे लाखाव्या हिश्श्याइतकी असते. माईक तिचे रूपांतर काही मिलिव्होल्टच्या विजेत करतो. भोंग्याचा पडदा हलवायला दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. २ मिलिव्होल्टचे २० व्होल्ट करायचे म्हणजे १०,००० पट वाढ. तंत्रज्ञांच्या मापात ८० डेसिबल.

ही जादा ताकद आवाजातून येत नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याचे दार एक माणूस हाताने फिरवतो आणि त्यातून शेकडो एकरांना पुरेल इतके पाणी सुटते. पाणी धरणाचे, हुकूम हाताचा. अँप्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरमध्येही तसेच घडते. माईककडून आलेला बारीक प्रवाह एका टोकाला लागतो आणि जनरेटरकडून आलेला मोठा प्रवाह त्याच्या चढउतारांनुसार कमीजास्त होतो. भोंग्यापर्यंत पोचते ती जनरेटरची वीज, नटाच्या बोलण्याचा आकार घेऊन. जनरेटर दमला की आवाजही दमतो, तो त्यामुळेच.

या युक्तीची पहिली मोठी गरज नाटकाला नव्हे, टेलिफोनला पडली. लांबलचक तारेत बोलणे विरून जाई. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी काचेच्या निर्वात नळीत जाळीसारखे तिसरे टोक बसवले. पुढे इतरांनी ती नळी सुधारली, आणि तिच्या जोरावर २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सेवा सुरू झाली. नळीची जागा घेणारा ट्रान्झिस्टर बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये तयार झाला.

आपल्याकडे सभांचा आवाज मोठा करण्याशी मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीचे आणि मोटवाने कुटुंबाचे नाव जोडलेले आहे. काँग्रेसच्या मोठ्या सभांना त्यांचे कर्णे लागत. १९४२ च्या गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’च्या खटल्यात तो चालवणाऱ्या उषा मेहता यांच्याबरोबर नानक मोटवाने हेही आरोपी होते. मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. आवाज पोचवण्याची यंत्रे विकणाराही तेव्हा सरकारच्या नजरेत होता.

वाढवताना आवाज बिघडतो, हे जुने दुखणे. पेटीच्या कुवतीबाहेर तो ताणला की लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज ‘फाटतो’. कुवतीच्या आतही थोडी विकृती राहतेच. तिच्यावर टेलिफोन अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये कामावर जाताना, फेरीबोटीत उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवला. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घ्यायचा. वाढ कमी होते, पण तिच्यासोबत विकृतीही दबते. तोच भाग उलटा न होता परत आला तर? भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा शिरतो, आणि ऐन भावुक प्रसंगात कर्कश शिट्टी वाजते. म्हणून साउंडवाला भोंगे माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून बांधतो.

भोंगे दूर असले की तारही वीज खाते. ८ ओहमच्या भोंग्याला १०० वॉट थेट द्यायचे तर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मर लावून १०० व्होल्टच्या लाईनवर तेच काम एका अँपिअरमध्ये होते. तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ती जवळपास बारा पटींनी घटते.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याच पेटीची मात्रा चालत नाही: गोंगाट. सिग्नलसोबत आत आलेली खरखर तितक्याच पटीने वाढते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत हे टोकाला गेलेले दिसते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांवर येणारे आकाशातले संदेश इतके क्षीण असतात की त्यांच्या मापाचे एकक, जान्स्की, नेहमीच्या एककांत लिहिताना दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्ये येतात. म्हणून अतिशय कमी खरखरीचा अँप्लिफायर तबकडीच्या नाभीपाशीच, लांब केबलच्या आधी बसवतात. पहिल्या पायरीवर जे मिसळले, ते पुढे निवडता येत नाही.

गावच्या मांडवालाही हाच हिशेब लागू आहे, आणि तिथे नुसता आवाज वाढवणे महागही पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. १०० वॉटच्या जागी १००० वॉटची पेटी भाड्याने आणावी लागते. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या परंपरेला ही चौकट अवघड जाते. तेव्हा भोंग्यांची एकच प्रचंड भिंत उभी करण्यापेक्षा मांडवातच, प्रेक्षकांजवळ, हळू वाजणारे जास्त भोंगे बरे. त्याहून बरे म्हणजे माईक नटाजवळ नेणे. अंतर निम्मे झाले की सिग्नल ६ डेसिबलने वाढतो, मागची कुजबूज मात्र होती तेवढीच राहते. ही वाढ कुठल्याही पेटीपेक्षा स्वच्छ असते आणि तिला डिझेलही लागत नाही.