ट्रान्झॅक्शन लॉग भरला तर काय करायचे?



निकालाच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेच्या संगणकाने गुण भरून घेणे बंद केले. जुने गुण दिसत होते, नवीन मात्र सेव्ह होईनात. पडद्यावर एरर ९००२ : ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे. कुणीतरी म्हणाले, "ती लॉगची फाइल डिलीट करा, जागा होईल." नशीब, कुणी हात लावला नाही!

लॉग म्हणजे काय?
हिशोबात आधी कीर्द, मग खतावणी. एसक्यूएल सर्व्हरचेही तसेच. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये नोंदतो, मग मुख्य डेटा फाइलमध्ये. मध्येच वीज गेली, तर लॉग वाचून तो पूर्ण झालेले व्यवहार पक्के करतो, अर्धवट राहिलेले मागे घेतो. म्हणून लॉग डिलीट करणे म्हणजे कीर्दच फाडून टाकणे.

तो भरतो कशाने?
डेटाबेस 'फुल रिकव्हरी' प्रकारात असेल, तर लॉगचा बॅकअप होईपर्यंत जुन्या नोंदींची जागा मोकळी होत नाही. इथेच गफलत होते. रोज डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घेतला, तरी लॉग रिकामा होत नाही! लॉगचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. आमच्याकडे तो एकदाही घेतलेला नव्हता.

उपाय
१. आधी कारण बघा. सर्व्हरच्या 'सिस डेटाबेसेस' या यादीत 'लॉग रीयूज वेट डेस्क' हा रकाना असतो.
२. तिथे 'लॉग बॅकअप' दिसले, तर लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या.
३. 'अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसले, तर एखादा व्यवहार उघडाच राहिला आहे. तो शोधून पूर्ण करा किंवा थांबवा.
४. डिस्कच भरली असेल, तर जागा करा किंवा दुसऱ्या डिस्कवर तात्पुरती आणखी एक लॉग फाइल जोडा.

बॅकअपनंतर फाइलचा आकार तेवढाच दिसेल. घाबरू नका, आतली जागा मोकळी झालेली असते.

'सिंपल रिकव्हरी' केली की लॉगच्या बॅकअपची कटकट संपते, हे खरे. पण मग बिघाड झाल्यास शेवटच्या बॅकअपपर्यंतचेच परत मिळते. त्यानंतर भरलेले गुण पुन्हा भरावे लागतील.

तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर एवढेच विचारा : लॉगचा शेवटचा बॅकअप कधी झाला?