वस्तीची सुरक्षा आणि रहिवाशांचा सहभाग

एखादी वस्ती सुरक्षित आहे, असे केव्हा म्हणता येईल? चोरी किंवा मारामारीचे भय नसणे हा सुरक्षेचा एक भाग झाला. परंतु वृद्ध माणसाला पदपथावरून न अडखळता चालता यावे, रात्रपाळी संपवून येणाऱ्या स्त्रीला गल्लीत दिवे लागलेले दिसावेत, शाळेतून परतणारे मूल उघड्या गटारात पडण्याचा धोका नसावा, हीदेखील सुरक्षाच होय. या व्यापक अर्थाने पाहिले तर सुरक्षेचा प्रश्न केवळ पोलिसांचा राहत नाही. रस्ते, दिवे, गटारे, बाजार आणि वाहतूक यांविषयीचे निर्णय कोण घेतो, या प्रश्नाशी तो जोडला जातो. बंगळूर शहरातील जयनगर या वस्तीच्या वाटचालीतून हे समजून घेता येते.

लालबागेच्या दक्षिणेस वसलेल्या जयनगरची कोनशिला १९४८ मध्ये भारताचे तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसवण्यात आली. त्या प्रसंगाची खूण म्हणून तेथे अशोकस्तंभ उभा आहे. शहराची वाढ आखणीनुसार व्हावी यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधार मंडळाच्या काळात ही वस्ती आकाराला आली. तिचे ब्लॉक पाडण्यात आले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, उद्याने आणि मैदाने यांना आराखड्यात जागा मिळाली. पुढे चौथ्या ब्लॉकमध्ये मोठे व्यापारी संकुल उभे राहिले. घर, बाजार आणि मोकळी जागा ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, असा विचार या रचनेमागे होता.

शहर वाढले, तसे या वस्तीचे रूप पालटले. अनेक बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. निवासी रस्त्यांवर कार्यालये, दुकाने आणि उपाहारगृहे निघाली व त्यांच्यासोबत वाहनांची गर्दीही आली. २००९ मध्ये मेट्रोच्या मार्गासाठी लक्ष्मणराव उद्यानाच्या परिसरातील झाडे तोडण्याचे ठरले, तेव्हा अनेक नागरिकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. अखेर मार्ग झाला आणि जून २०१७ मध्ये जयनगरमधून मेट्रो धावू लागली. आज त्याच मेट्रोने असंख्य लोक कामाला जातात. विकास हवा की नको, असा हा वाद नव्हता. ज्यांच्या दारातील झाडे जाणार होती त्यांना आराखडा ठरण्यापूर्वी विचारले गेले का, हा खरा प्रश्न होता.

असाच प्रश्न पदपथाचा आहे. जयनगरच्या बाजारात फळे, फुले, भाज्या आणि कपडे विकणारे फेरीवाले वर्षानुवर्षे बसत आले आहेत. पदपथ अडल्यास पादचाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते आणि अपघाताचा धोका वाढतो, ही रहिवाशांची तक्रार रास्त आहे. दुसरीकडे, फेरीवाल्याचे पोट त्या जागेवर अवलंबून असते. शिवाय फेरीवाल्यांमुळे रस्ता जागता राहतो. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला. दुकानदार, ये-जा करणारे लोक आणि खिडकीत बसलेले रहिवासी यांची नजर रस्त्यावर असते, म्हणून तो सुरक्षित राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने या दोन्ही हितांचा मेळ घालण्याची वाट दाखवली आहे. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांच्यासाठी जागा निश्चित कराव्यात आणि हे काम करणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत, असे हा कायदा सांगतो.

शेजाऱ्यांची नजर उपयोगी पडण्यासाठी त्यांच्यात परस्परविश्वासही असावा लागतो. महाराष्ट्रातील भिवंडी शहराने याचा अनुभव घेतला आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तेथे भीषण दंगली झाल्या होत्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्यांची उभारणी केली. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस या समित्यांमध्ये नियमितपणे एकत्र बसत. रोजच्या किरकोळ तक्रारी तेथेच मिटत आणि अफवांची शहानिशा होई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई दंगलीत होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही अशा समित्या स्थापन झाल्या.

मात्र असा सहभाग एखाद्या चांगल्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहू नये. त्याला कायद्याचा आधार हवा. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. बंगळूरमध्ये या समित्यांत रहिवासी संघटना, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या प्रतिनिधींना स्थान देण्यात आले. तरीही कायद्यातील तरतूद आपोआप प्रत्यक्षात उतरत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील निर्वाचित सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरची पाच वर्षे निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे राहिला. २ सप्टेंबर २०२५ रोजी जुन्या महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. नगरसेवक नसतानाच्या त्या काळात गल्लीतील बंद दिव्याविषयी नागरिकांना जाब विचारता येईल, असा लोकांनी निवडलेला प्रतिनिधी पालिकेत नव्हता.

म्हणूनच नागरिकाने आपले मार्ग ओळखून ठेवणे आवश्यक असते. तक्रार लेखी करावी, तीत ठिकाण व तारीख स्पष्ट लिहावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. एकट्याने मागणी करण्यापेक्षा संपूर्ण गल्लीने मिळून केलेल्या मागणीचे वजन अधिक असते.

रहिवाशांच्या बैठकीत कोण उपस्थित आहे, याइतकेच कोण उपस्थित नाही, हेही पाहिले पाहिजे. घरमालक येतात, परंतु भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सफाई कामगार आणि फेरीवाले पुष्कळदा बाहेर राहतात. पहाटे सर्वांत आधी आणि रात्री सर्वांत शेवटी रस्त्यावर असणारी माणसे हीच असतात. कोणत्या वळणावर अंधार आहे, कोठे गटाराचे झाकण निघाले आहे, हे त्यांना अचूक ठाऊक असते. फाटक बंद करून आणि पहारेकरी नेमून वस्तीचा एखादा कोपरा सुरक्षित करता येईल. संपूर्ण वस्ती सुरक्षित व्हायची असेल, तर तिथे राहणाऱ्या आणि तिथे राबणाऱ्या अशा सर्वांनाच तिच्याविषयीच्या निर्णयात स्थान मिळाले पाहिजे.