गुंगी उतरली, तरी घाई नको

गेल्या महिन्यात तुळजापूर तालुक्यातले एक शेतकरी हाताला पट्टी बांधून माझ्याकडे आले. सोलापूरला पोटाची दुर्बिणीतून तपासणी झाली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गुंगी उतरायचं इंजेक्शन दिलं अन् लगेच जाग आली. सिस्टरनी थांबायला सांगितलं होतं, पण मला बरं वाटत होतं. मोटारसायकल काढली. वाटेत डोळा लागला." नशिबाने खरचटण्यावर भागले.

असे का झाले? अशा तपासणीत बऱ्याचदा मिडाझोलाम हे गुंगीचे औषध शिरेतून देतात. गुंगी जास्त झाली, श्वास मंदावला, तर फ्लुमाझेनिल हा त्याचा उतारा असतो. एक-दोन मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. पण उतारा मूळ औषध शरीराबाहेर घालवत नाही. मेंदूतील त्याची जागा तेवढी अडवून धरतो. उताऱ्याचा जोर साधारण तासाभरात ओसरतो, गुंगीचे औषध मात्र त्यानंतरही रक्तात असते. म्हणून पुन्हा झापड येते.

तेव्हा उतारा दिला असेल तर निदान दोन तास दवाखान्यातच थांबावे आणि डॉक्टरांनी सोडल्यावरच निघावे. सोबत घरचे माणूस हवेच. पुढचे २४ तास वाहन चालवू नये, विहिरीवरची मोटार, कडबाकुट्टी यांना हात लावू नये, दारू घेऊ नये, व्यवहाराच्या कागदावर सही करू नये. रोज झोपेची गोळी घेत असाल किंवा फिट येत असेल तर तपासणीआधीच सांगावे. अशांना उताऱ्याने झटके येऊ शकतात.

एस.टी. चुकली तर दुसरी मिळते. घाई करू नका.