दूरच्या संगणकाची किल्ली

मित्रांनो, भंडारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या पाहू. वर तुमसर आणि मोहाडी, मग भंडारा, उजव्या हाताला लाखनी आणि साकोली, खाली पवनी आणि लाखांदूर. झाले सात तालुके!

आता समजा, लाखांदूरच्या एका कचेरीतला संगणक सकाळीच रुसून बसला. बाहेर सातबाऱ्यासाठी माणसांची रांग आणि संगणक दुरुस्त करणारे दादा भंडाऱ्याला. ते एसटीनं निघाले, तर जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडणार. पण दादा खुर्चीवरून उठतही नाहीत. चार-दोन बटणं दाबतात आणि लाखांदूरच्या संगणकाचा पडदा त्यांच्या पडद्यावर दिसू लागतो! भंडाऱ्यात माऊस हलला की लाखांदूरला बाण हलतो. दहा मिनिटांत काम फत्ते.

या विद्येचं नाव रिमोट डेस्कटॉप. यासाठी दोन्ही संगणक एका जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, जोडलेले हवेत. सरकारी कचेऱ्या अशा जोडण्याचं मोठं काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं केलं. ही संस्था १९७६ साली सुरू झाली. पुढे उपग्रहाच्या मदतीनं तिनं जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निकनेट’ नावाचं जाळं नेलं. भंडाऱ्यातही तिचं जिल्हा केंद्र आहे.

पण चित्र इतक्या लांब जातं कसं? थोडं गणित करूया. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एकूण झाले २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. असं चित्र सेकंदाला २५ वेळा पाठवायचं म्हटलं, तर खेड्यातलं इंटरनेट हातच टेकेल!

म्हणून एक युक्ती केलेली असते. आधी एकदा पूर्ण चित्र पाठवायचं. मग जेवढा तुकडा बदलला, तेवढाच पाठवायचा, तोही दाबून लहान केलेला. उलट बाजूनं जातात फक्त दाबलेली बटणं आणि माऊसची हालचाल. ती तर अगदीच चिमूटभर माहिती.

या विद्येची एक गंमत सांगू? इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत कॉफी प्यायला लांबून जावं आणि भांडं रिकामं निघावं, असं सारखं व्हायचं. म्हणून १९९१ साली तिथल्या संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर आणलं. त्यांच्यातलेच एक क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे व्हीएनसी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटात होते. दूरचा पडदा दाखवणारं हे सॉफ्टवेअर १९९८ च्या सुमारास सर्वांना फुकट मिळू लागलं. आज शाळांसाठी ‘व्हेयॉन’ नावाचं असंच मोफत सॉफ्टवेअर मिळतं. त्यात वर्गातल्या सगळ्या संगणकांचे पडदे बाईंना एकाच पडद्यावर दिसतात. कोण धडा गिरवतंय आणि कोण गेम खेळतंय, लगेच कळतं बरं का!

अर्थात वीज गेली किंवा तार तुटली, की ही विद्या थांबली. मग दादांना एसटी पकडावीच लागते.

आता नीट ऐका. गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो. का? तर त्यांना आपण ओळखतो. रिमोट डेस्कटॉप म्हणजे संगणकाची किल्लीच. ज्याच्या हाती ती गेली, तो तुमच्या फायली उघडू शकतो, पुसू शकतो, पत्रं वाचू शकतो.

चोरांनाही हे ठाऊक आहे. “बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे, एवढं एक ॲप टाका आणि त्यात दिसणारा नंबर सांगा,” असा फोन येतो. तो नंबर म्हणजेच किल्ली! मग मोबाइलवर आलेला ओटीपी चोराला तिकडे बसून वाचता येतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना या प्रकाराबद्दल सावध केलं होतं. ॲप वाईट नसतं हं, दादांच्या कामाचंच ते. प्रश्न असतो किल्ली कुणाच्या हातात आहे, हा.

म्हणून चार गोष्टी घरी सगळ्यांना सांगा. आजी-आजोबांना तर नक्की सांगा.

१) आपण स्वतः मदत मागितली असेल आणि माणूस ओळखीचा असेल, तरच परवानगी द्या.

२) तो काम करत असताना पडद्यासमोरून उठू नका. बँकेचं काही उघडू नका.

३) काम झालं की जोडणी तोडा. ॲप नको असेल तर काढून टाका.

४) चुकून फसलात, तर आधी इंटरनेट बंद करा. मग लगेच बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. रागावतील म्हणून लपवू नका. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. आई-बाबांनो, मुलानं चूक सांगितली, तर तुम्हीही आधी फोन करा, रागवा नंतर!

जाता जाता एक खेळ. मित्राकडे पाठ करून बसा. दोघांनीही कागदावर आठ बाय आठ चौकटी आखा. तुम्ही काही चौकटी रंगवा आणि मित्राला त्यांचे आकडे सांगा: “तिसरी ओळ, पाचवं घर.” चित्र सारखं झालं, की आणखी दोनच चौकटी रंगवा आणि फक्त त्या दोन सांगा. बघा, पूर्ण चित्र पुन्हा सांगावं लागलं का?

झाला की नाही तुमचा कागदी रिमोट डेस्कटॉप!