शेवभाजीला पांढरी वाईन? हो, पांढरीच!

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर गेलं की नाशिक लागतं. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण एवढ्या शेजारच्या या पेयाबद्दल खान्देशात ऐकीव गोष्टीच जास्त चालतात.

त्यातली सगळ्यात पक्की समजूत म्हणजे झणझणीत जेवणाला रेड वाईनच हवी, पांढरी पाणचट लागते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. रेड वाईनमधला तुरटपणा मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून येतो आणि मिरचीबरोबर तो जास्तच टोचतो. पांढऱ्या वाईनसाठी आंबवण्याआधीच साली बाजूला काढतात, त्यामुळे तो त्रास फारसा नसतो. अल्कोहोल मिरचीची आग भडकवतं, थोडासा गोडवा ती शमवतो आणि आंबटपणा तेलाचा तवंग कापतो. म्हणून शेवभाजीसोबत किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ चांगली जमते. मात्र काळ्या मसाल्याचा रस्सा खरोखर डोळ्यांत पाणी आणणारा असेल, तर कुठलीच वाईन टिकत नाही. तिथे ताकच प्यावं.

भरिताची गोष्ट आणखी मजेची. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात असा सगळा हिरवा मामला. सोव्हिन्यों ब्लाँ या वाईनला येणारा हिरवट वास पायराझिन गटातल्या संयुगांचा असतो आणि तीच संयुगं ढोबळ्या मिरचीतही असतात. त्यामुळे भरिताचा घास आणि या वाईनचा घोट एकमेकांना ओळखतात. माझ्या मते खान्देशी ताटातली ही सर्वांत सुंदर जोडी. ‘सुला’ या वाईन कंपनीने नाशिकला 1997 मध्ये ज्या वेली लावल्या, त्यांत शेनिन आणि सोव्हिन्यों या दोन्ही जाती होत्या.

‘पांढरी वाईन हिरव्या द्राक्षांचीच’ हेही अर्धसत्य. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस बिनरंगीच असतो, रंग सालीत असतो. शॅम्पेनमध्ये काळी द्राक्षं सर्रास वापरतात.

‘जुनी तितकी चांगली’ हे फ्रान्समधल्या व्हुव्रेच्या शेनिनला किंवा जर्मनीच्या रीसलिंगला लागू पडेल, त्या कित्येक दशकं टिकतात. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन दोन-एक वर्षांत संपवायच्या असतात. त्यात धुळ्याचा उन्हाळा! चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. लेबलवरचं वर्ष बघावं आणि बाटली थंडाव्यात होती का, हे विचारावं.

बर्फगार प्यायची, हा दुसऱ्या टोकाचा घोळ. आठ ते बारा अंश सेल्सियस पुरे. फ्रिजमधून थेट ओतली तर वास दबतो, म्हणजे चांगल्या वाईनचे पैसे वाया आणि वाईट वाईनचे दोष झाकलेले. मे महिन्यात ती आपोआप लवकर तापते, तेव्हा ग्लासात थोडी थोडीच ओतावी.

‘महाग म्हणजे चांगली’ हे तपासायला दोन-तीन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा. ग्लास सारखे, तापमान सारखं. आधी नुसती चाखा, मग घासाबरोबर. क्रम अनेकदा पालटतो. ओकच्या पिंपात मुरलेली शार्डने नुसती चाखताना भाव खाऊन जाते, पण मिरचीपुढे कडवट होते. तीच तुपात बुडवलेल्या वरण-बट्टीबरोबर पुन्हा खुलते.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यावी का, या वादात पुष्कळ ऐकू आलं. पण साडेबारा टक्क्यांच्या वाईनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास आणि व्हिस्कीचा दीड लहान पेग यांत शुद्ध अल्कोहोल जवळपास सारखंच असतं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये म्हटलं.

राहिला गोडाचा प्रश्न. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती नुसतीच आंबट लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन खापरावरच्या मांड्यांपुढे थोडीफार तग धरते. सोबत आमरस असेल, तर मात्र बाटली फ्रिजमध्येच राहू द्यावी.