कार्ड नाकारले, कारण विचारले का?

गेल्या आठवड्यात एक तरुण आमच्याकडे आला. त्याचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे, हाताखाली चार पोरे आहेत. लोखंडाच्या खरेदीसाठी त्याने एका बँकेकडे बिझनेस क्रेडिट कार्ड मागितले होते. मोबाईलवर एका ओळीत उत्तर आले : अर्ज नामंजूर. "साहेब, आडनाव वाचूनच कापलं असेल," तो म्हणाला.

हा संशय आम्ही हसण्यावारी नेत नाही. 1917 साली परदेशातून अर्थशास्त्र शिकून परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. ज्ञान होते, पण पत जातीने ठरवली.

मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला तर त्याचे नेमके कारण बँकेने लेखी कळवले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे. आमच्या तरुणाला बँकेने ते कळवले नाही आणि त्यानेही मागितले नाही. आम्ही त्याला मागायला लावले. दोन कारणे निघाली. चुलतभावाच्या टेम्पोच्या कर्जाला तो जामीन राहिला होता आणि ते हप्ते थकले होते. दुसरे, धंदा बराचसा रोखीत. खात्यावर उलाढाल दिसत नव्हती आणि आयकर विवरणपत्र एकाच वर्षाचे होते.

आडनाव कुठेच नव्हते. मग जात नव्हतीच का? होती! बँकेचा संगणक जात विचारत नाही. जातीने जे मिळू दिले नाही, ते विचारतो. वडिलोपार्जित दुकान, जुना हिशेब, तारणाला जागा. आमच्या वाट्याला वतनाची जमीन आली. 1958 च्या कायद्याने वतने गेली, पण परत मिळालेल्या जमिनीवर शासनाच्या परवानगीची अट राहिली. अशा जमिनीच्या तारणाला बँक नाक मुरडते. वस्तीतल्या घराला तर कागदच नसतो. ज्याच्या मागे भांडवल नाही, त्याला भावाच्या कर्जाला जामीन राहावे लागते आणि भाऊ बुडाला की तोही बुडतो.

2025 च्या अर्थसंकल्पात 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी 5 लाख रुपये मर्यादेची कार्डे जाहीर झाली. पहिल्या वर्षी 10 लाख कार्डे देण्याची घोषणा होती. त्यातील किती आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली? अनुसूचित जातींचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, हे सरकारने बँकनिहाय जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.

पण मागणी करून आपल्याला हातावर हात ठेवून बसता येणार नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. दलालाला पैसे देऊ नका. गिऱ्हाईकाचे पैसे धंद्याच्या खात्यावर घ्या. पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो वाचा. त्यात चूक असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. एका बँकेने नाकारले म्हणून लगेच पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि गुण घसरतात. बँक लेखी कारण देत नसेल तर आधी तिच्याकडे तक्रार नोंदवा. महिन्यात दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. लोकपाल कार्ड मिळवून देणार नाही, पण बँकेला नियम पाळायला लावू शकतो.

समाजात बँक कर्मचारी आहेत, कर सल्लागार आहेत, सनदी लेखापाल आहेत. रविवारी वंदनेनंतर त्यांनी विहारात तासभर बसावे आणि पोरांचे कागद तपासावेत. जयंतीच्या वर्गणीइतकेच हेही चळवळीचे काम आहे. आमच्या तरुणाने भावाचे दोन थकीत हप्ते भरले आहेत. सहा महिन्यांनी तो पुन्हा अर्ज करणार आहे. तेव्हाही नकार आला, तर तो कारण विचारल्याशिवाय उठणार नाही. जयभीम!